पावसात टीव्ही का जातो?

एका प्रेक्षकाने विचारलंय, "कर्नल साहेब, डिजिटल आल्यावर चित्र सुधारलं, मग पाऊस आला की टीव्ही बंद का पडतो?"

आपल्या देशात टीव्हीचं प्रक्षेपण दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 ला सुरू झालं. ते ॲनालॉग. सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आवाज खरखरायचा. पण बातमी कळायची. गच्चीवर एक जण अँटेना फिरवतोय, खालून दुसरा "आलं, आलं!" ओरडतोय, आठवतंय ना? फौजेतला आमचा जुना वायरलेस संचही तसाच. खरखरीतून शब्द वेचायचे.

डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा आली. केयू बँडची लहर जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची. त्यामुळे लहान छत्री पुरते, पण पावसाचे थेंब हीच लहर शोषतात, विखुरतात. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असते, म्हणून एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख. ती ओलांडली की चौकोन, तुटका आवाज, मग काळा पडदा. उतार नाही, थेट कडा.

जुलै 2005. मी ईशान्येत होतो. 26 तारखेला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. माझ्या एका नायकाचं घर कुर्ल्याला, फोन लागेना. बराकीत सगळे टीव्हीपुढे. मुंबईची बातमी लागली आणि आमच्याकडेही धो-धो सुरू झाला. निवेदिकेचा चेहरा चौकोनांत फुटला, पडदा काळा. दोष कुणाचाच नाही, पावसाचा.

मग कुणीतरी ट्रान्झिस्टर आणला. खरखरीतून 'कुर्ला' एवढंच ऐकू आलं. नायकाने तो कानाला लावला, तो सकाळपर्यंत खाली ठेवला नाही.