वहीत न आलेली मुलं

मागच्या व्याख्यानात आपण जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ पासूनची व्याख्या पाहिली. रोग नसणं एवढंच आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती. ऐकायला छान. पण विश्रांतवाडीतली सुस्थिती मोजायची कशी? म्हणून आपण एक सोपा आकडा धरतो, बालमृत्युदर: हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली मुलं.

सोपा म्हटलं खरं! घरी जन्मून तासाभरात गेलेलं मूल दफ्तरात बऱ्याचदा येतच नाही; ना जन्म, ना मृत्यू. म्हणजे कागदावर गाव निरोगी. १९६९च्या कायद्याने नोंद सक्तीची झाली, तरीही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी मोजायचं ठरवलं. गावोगावी प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू टिपला. मग गावातल्याच बायका नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि हो, इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. ३९ गावांत १९९३-९५ मध्ये दर होता ७५.५; १९९७-९८ मध्ये ३८.८. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे छापलं. यात नवं इस्पितळ कुठेच नाही, हे आपण लक्षात घेऊ. २०११ पासून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचं हे काम देशभर ‘आशां’कडे आलं.