नगरपालिकांचीं प्रोसिडिंग बुकें : पेण, रोहें-अष्टमी व महाड येथील एक उपेक्षित इतिहाससाधन

जुन्या कुलाबा जिल्ह्यांत कागदपत्रांचा शोध करणारे अभ्यासक महजर, निवाडपत्रें, सनदा व वतनदारांचीं दप्तरें यांच्या मागें असतात, आणि तें योग्यच आहे. वि. का. राजवाडे यांचें जन्मगांव वरसई पेण तालुक्यांतलें, व ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे हेहि वरसईचेच. गोडशांचा मजकूर चिं. वि. वैद्य यांनीं १९०७ सालीं फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. मधल्या काळांत मूळ कागद कोणीं जपला नसता, तर आपणांस संपादकाचा गोडसे तेवढा ठाऊक राहिला असता, मूळचा नव्हे. याच तालुक्याच्या व शेजारच्या गांवांच्या कचेऱ्यांत इतिहासाचें दुसरें एक साधन आहे, व त्याकडे संग्राहकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. तें साधन म्हणजे नगरपालिकांचीं प्रोसिडिंग बुकें. त्यांची योग्यता काय व उणीव कोणती, हें दाखवावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम संस्थेची पूर्वपीठिका. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानें नगरपालिका स्थापण्याची मोकळीक मिळाली. पुढें १८६० ते १८७० ह्या दशकांत पेण, रोहें-अष्टमी व महाड येथें नगरपालिका झाल्या. पेण हें भोगावतीच्या खाडीवरील मिठाच्या व्यापाराचें गांव. रोहें व अष्टमी हीं कुंडलिकेच्या दोन तीरांवरचीं गांवें, व त्यांचा कारभार एक झाल्याची खूण नगरपालिकेच्या जोडनांवांतच राहिली आहे. आरंभीं सभासद सरकारनियुक्त असत. लॉर्ड रिपन यांचा १८ मे १८८२ चा ठराव व त्यानंतरचा १८८४ चा मुंबई कायदा यांमुळें लोकांनीं निवडलेले सभासद सभेंत येऊं लागले. दिवाबत्ती, झाडलोट, गटारें, पाणी, रस्ते, घरें बांधण्याची परवानगी हे विषय सभेपुढें येऊं लागले, आणि ‘अमुक आळींत पाणी कां नाहीं’ असें अध्यक्षांस विचारण्याचा अधिकार गांवच्या माणसास प्राप्त झाला.

परंतु हा अधिकार सर्वांचा नव्हता. मत देण्याची पात्रता कर व मिळकत यांवर अवलंबून होती. ज्याचें घर आकारणीच्या वहींत चढलेलें, त्याचा शब्द सभेपर्यंत पोहोंचे. जो दुसऱ्याच्या जागेंत झोंपडी घालून राहिला, त्याची तहान सभेंत मांडण्यास त्याचा स्वतःचा प्रतिनिधि नसे. म्हणून घरपट्टीची वही व सभेचें इतिवृत्त हीं दोन साधनें एकमेकांशीं ताडून वाचलीं पाहिजेत. पहिल्यावरून प्रश्न कोण विचारूं शकत होता तें कळतें. दुसऱ्यावरून त्यानें काय विचारलें तें कळतें. पहिल्यांत ज्यांचीं नांवें नाहींत, त्यांचें दुःख दुसऱ्यांत शोधूं जाणें व्यर्थ होय.

ह्याचें ठळक उदाहरण ह्याच जिल्ह्यांतील महाडचें आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेलीं किंवा चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादि स्थानें अस्पृश्य मानलेल्या वर्गास मोकळीं असावीं, असा त्याचा आशय. तदनुसार महाड नगरपालिकेनें ५ जानेवारी १९२४ रोजीं चवदार तळें मोकळें केल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला. पण तळ्यावर घागर गेली नाहीं. तेव्हां बोले यांनीं ५ ऑगस्ट १९२६ रोजीं कौन्सिलांत पुन्हां ठराव आणला, कीं ज्या संस्था हें धोरण अमलांत आणीत नाहींत त्यांचें सरकारी अनुदान बंद करावें. तीन वर्षांमागें मंजूर झालेल्या ठरावाचें पुढें काय झालें, हेंच विचारणें त्यांत होतें.

कौन्सिलांतील ह्या विचारणेनेंहि तळें मोकळें झालें नाहीं. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला व पुढें तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोल्यांच्या मूळ ठरावानंतर बरोबर चार वर्षांनीं, नगरपालिकेनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबर १९२७ मध्यें कांहीं स्पृश्य रहिवाशांनीं दिवाणी दावा लाविला. खालच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें झाला, ठाण्याच्या जिल्हा कोर्टांत अपील निष्फळ ठरलें, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानेंहि तेंच कायम केलें.

ह्या खटल्यांतील मुद्दा आमच्या वाचकांस परिचित वाटेल असा आहे. तळें कोणाच्या मालकीचें, व अस्पृश्यांस बंदी करणारी वहिवाट अनादि काळापासून आहे काय, ह्या दोन प्रश्नांचा विचार झाला. तळें वादींचें खासगी नव्हे असें ठरलें, आणि वहिवाटीचें पुरातनत्व सिद्ध झालें नाहीं. एखाद्या महजरांत ‘पुरातन चालत आलें आहे’ असें वाक्य आलें, तर संशोधक त्यावर तत्काळ विश्वास ठेवीत नाहीं. कधींपासून, कोणाच्या साक्षीनें, कोणत्या कागदावरून, असें विचारतो. न्यायालयानें निराळें कांहीं केलें नाहीं.

आतां उणिवेविषयीं. मीमांसाशास्त्रांत अधिकरणाचीं विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय अशीं पांच अंगें मानितात. जुन्या गोतसभेच्या निवाडपत्रांत निर्णयापूर्वीं वादी-प्रतिवादींच्या तकरीरा लिहिल्या जात. अर्थात् पूर्वपक्ष कागदावर राही. नगरपालिकेच्या बुकांत सूचक, अनुमोदक, मतांची संख्या व ठराव एवढेंच बहुधा राहतें, म्हणजे निर्णय राहतो व पूर्वपक्ष गळतो. सभासदानें काय विचारलें, अध्यक्षांनीं काय उत्तर दिलें किंवा दिलेंच नाहीं, हें पुढच्या पिढीस कळत नाहीं. महाडचा १९२४ चा ठराव एकटाच हातीं लागला, तर वाचणारास त्या सालापासून तळें सर्वांस मोकळें होतें असें वाटेल. ठराव आणि व्यवहार यांतील अंतर दाखविणारी वस्तु म्हणजे नंतर विचारलेला प्रश्न होय.

पुढील काळासहि हें लागू आहे. प्रौढ मताधिकार आल्यावर घराच्या आकारणीचा अडसर दूर झाला. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू होऊन नगरपालिकांस घटनेचा आधार मिळाला. पेण तालुक्यांत तर २१ सप्टेंबर २००८ रोजीं प्रश्नाची दिशाच पालटली : विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमीन द्यावी कीं नाहीं, याविषयीं सरकारनें हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांच्या खातेदारांचें मत घेतलें. त्या वेळचीं निवेदनें, हरकतींचे अर्ज व ग्रामसभांचे ठराव हे आमच्या मतें आजच संग्रहणीय कागद आहेत. ते जुने होण्याची वाट पाहिली, तर कोंकणचा पाऊस व वाळवी तोंवर थांबणार नाहींत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी, कीं पेण, रोहें व महाड येथें जाणें झाल्यास देवघरांतील पोथ्यांबरोबर माजी सभासदांच्या घरचीं पत्रें, पाणी व जागा यांसंबंधींचे अर्ज, त्यांवरील उत्तरें, घरपट्टीच्या जुन्या पावत्या व घरबांधणीचे नकाशे यांचीहि चौकशी करावी. मूळ कागद मिळत नसेल तर नक्कल घ्यावी, व तीवर स्थळ, तारीख आणि कागद कोणाकडे आहे तें नमूद करावें. नगरपालिकेच्या कचेरींत निर्णय शाबूत असेल. पूर्वपक्ष मात्र अशा घरगुती गाठोड्यांतच सांपडण्याचा संभव अधिक. दोन्ही एकत्र ठेविले म्हणजेच पाणी कोणीं मागितलें, कोणीं दिलें व कोणीं अडविलें, याचा इतिहास पुराव्यानिशीं लिहितां येईल.