जुना मचवा आणि नवें इंजिन

यंत्रयुगाच्या इतिहासांत शोध लावणाऱ्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांनीं लिहिलीं जातात. परंतु तो शोध जुन्या वस्तूंत बसवून तिला पुन्हां कामास लावणाऱ्या कारागिरांची दखल क्वचितच घेतली जाते. नवें यंत्र सामान्य माणसाकडे बहुधा नव्या वाहनासह येत नाहीं. जुन्या मालमोटारीचें इंजिन काढून तिच्याच सांगाड्यांत दुसरें बसविलें जातें. जुन्या मचव्याचें शीड उतरवून त्याच्याच पोटांत इंजिन घातलें जातें. उरण, मोरा आणि करंजा या किनाऱ्यावर स्वातंत्र्यानंतरच्या काळांत घडलेला हा पालट या दृष्टीनें बोधप्रद आहे.

हा पालट ज्या यंत्रानें घडविला, तें डिझेल इंजिन होय. पेट्रोल इंजिनांत हवा व इंधन यांचें मिश्रण विजेच्या ठिणगीनें पेटतें. रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें जें इंजिन १८९७ सालीं यशस्वी ठरलें, त्यांत ठिणगीचें कामच नाहीं. हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच आंत फवारलेलें तेल पेट घेतें. आरंभीं हा फवारा मारण्यास दाबलेल्या हवेचें अवजड साधन लागे. त्यामुळें हें इंजिन कारखान्यांत आणि मोठ्या जहाजांवरच शोभे. १९२७ सालीं बॉश कंपनीनें नेमकें मोजून तेल देणारा आटोपशीर इंधनपंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला, आणि डिझेल इंजिन मोटारींत मावूं लागलें. इंग्लंडांत १९३२ सालीं स्थापन झालेल्या पर्किन्स कंपनीचीं इंजिनें तर मालमोटारींतील पेट्रोल इंजिन काढून त्याच जागीं बसविण्यांत येऊं लागलीं.

जी युक्ति रस्त्यावर फळली, ती समुद्रावर अधिकच उपयोगी होती. खाऱ्या दमट हवेंत ठिणगीची विद्युत् योजना लवकर बिघडते, आणि बंदिस्त नौकेंत सांचलेली पेट्रोलची वाफ केव्हां भडका घेईल याचा नेम नसतो. डिझेलमध्यें हीं दोन्ही संकटें पुष्कळ कमी.

त्यापूर्वीं उरणच्या माणसाचा सारा व्यवहार वाऱ्याच्या मर्जीवर चाले. मिठागरांचें मीठ, भात आणि मासळी हीं शिडाच्या नौकांतून मुंबईस जात. वारा पडला कीं वल्हीं मारावयाचीं, नाहीं तर भरतीची वाट पाहावयाची. तोंवर मासळी उन्हांत नासून जाई, आणि मुंबईचा बाजार समोर दिसत असूनही हातचा जाई.

मुंबई प्रांतांत १९४५ सालीं मत्स्यव्यवसायाचें स्वतंत्र खातें झालें. पुढें नौकांत इंजिनें बसविण्यासाठीं कर्जें व अनुदानें मिळूं लागलीं, आणि सहकारी संस्थांनीं त्या कामीं मोठा हातभार लावला. या किनाऱ्यास एक नैसर्गिक अनुकूलताही होती. मद्रासकडील कोळ्यांचें ओंडके बांधून केलेलें कट्टुमरम इंजिन पोटांत घेणार कोठून? तेथें नव्या नौकाच आंखाव्या लागल्या. इकडील मचवा मात्र रुंद, खोल आणि भक्कम लांकडाचा. त्यामुळें आहे त्याच नौकेंत इंजिन बसविणें शक्य झालें.

शक्य झालें, तरी तें सोपें नव्हतें. पठाण म्हणजे नौकेचा लांकडी कणा. त्यावर जाड तुळया आडव्या-उभ्या घालून इंजिनाची बैठक करावी लागे. पंख्याचा दांडा बाहेर काढण्यासाठीं मागील खांबास अगदीं सरळ भोंक पाडावें लागे. तें केसभर वांकडें गेलें तरी दांडा घांसून तापे. सुकाणूपुढें पंखा फिरण्यास जागा करावी लागे. शिडाचा ओढा सोसण्यासाठीं घडविलेल्या नौकेस आतां अहोरात्र हादरे सोसावयाचे होते. त्या हादऱ्यांनीं फळ्यांच्या सांध्यांतील कापूस सैल होऊन पाणी आंत येई. इंजिन कारखान्याचें असलें, तरी तें कोठें व कसें बसवावयाचें, याचा निर्णय गांवच्या सुतारालाच करावा लागे.

तांडेलासही नवी विद्या शिकावी लागली. वारा, नक्षत्रें आणि भरती-ओहोटी हें त्याचें पिढीजात ज्ञान. त्यांत तेल गाळून घेणें, नळींत शिरलेली हवा काढून टाकणें आणि फवाऱ्याचें तोंड स्वच्छ राखणें यांची भर पडली. तेलांत थेंबभर पाणी वा चिमूटभर कचरा गेला तरी भर समुद्रांत इंजिन अडून बसते, हें त्यास अनुभवानें कळलें. देशांतही ही विद्या रुजत होती. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला, आणि १९५१ सालीं बॉशच्या सहकार्यानें बंगळूर येथें मायको ही कंपनी स्थापन झाली. पुढें अशोक लेलँडसारख्या मालमोटारी बनविणाऱ्या कंपनीचीं इंजिनेंही समुद्राजोगे फेरफार करून मासेमारी नौकांत बसूं लागलीं.

लाभ उघड होता. नौका दूर जाऊं लागल्या, बर्फ घेऊन कांहीं दिवस समुद्रांत राहूं लागल्या, आणि मासळी ताजी बाजारांत पोहोंचूं लागली. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यापर्यंत लाँचनें प्रवास केला असेल, त्यांस इंजिनानें तुटलेलें अंतर सांगावयास नको. परंतु वारा फुकट होता. तेल विकत घ्यावें लागतें. शीड फाटलें तर घरीं शिवतां येई. इंधनपंप बिघडला तर पैसे मोजावे लागतात. मासे मिळोत वा न मिळोत, कर्जाचा हप्ता चुकत नाहीं. शिवाय इंजिनाच्या जोरावर समुद्राचा तळ खरवडणारीं ओढजाळीं आलीं, आणि भरतीच्या ओढीवर डोल लावून बसणाऱ्या कोळ्याशीं त्यांचा तंटा उभा राहिला. तो आंवरण्यासाठीं १९८१ सालीं महाराष्ट्रांत सागरी मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें मोठें बंदर सुरू झालें, तेव्हां जवळचें पाणीही आंखडलें, आणि दूर जाण्याची सोय ही गरज बनली.

इंजिन वाईट होतें, असा याचा अर्थ नव्हे. ज्यानें वल्हीं मारून हातांस घट्टे पाडून घेतले, तो शिडाचे गोडवे गाणार नाहीं. मात्र जुन्या नौकेंत नवें इंजिन बसलें, तेव्हां तिच्याबरोबर घरचा हिशेब, बाजाराचें नातें आणि समुद्राची वांटणी हींही बदललीं. विजेवर वा दुसऱ्या एखाद्या इंधनावर चालणारें यंत्र उद्यां याच मचव्यांत येईल. त्या वेळीं त्याची शक्ति व वेग यांच्याबरोबरच तें दुरुस्त कोण करणार, कर्ज कोण फेडणार आणि समुद्रांत मासळी किती उरणार, हे तीन प्रश्न करंज्याच्या सुतारानें आणि तांडेलानें आधींच विचारलेले बरे.