‘दीवार’मधलं सोनं कुणाच्या घरी गेलं?

‘दीवार’ आज बहुतेकांना तुकड्यातुकड्यांनी भेटतो. पुलाखाली समोरासमोर उभे दोन भाऊ, आईचं नाव घेऊन दिलेलं ते उत्तर, देवळाच्या पायऱ्या, ७८६ नंबरचा बिल्ला. हे तुकडे रील आणि मीम होऊन इतके फिरलेत की अख्खा सिनेमा पाहायला बसलं की एक साधा प्रश्न नव्याने पडतो. विजयचा धंदा नेमका काय? शेवटाकडे त्याच्या हातून खून होतो, पण त्याचं साम्राज्य खुनावर उभं नाही. खंडणीवर तर नाहीच. उलट खंडणीखोरांना बडवूनच तो मोठा होतो. त्याचं साम्राज्य उभं आहे समुद्रातून येणाऱ्या सोन्यावर.

२४ जानेवारी १९७५ रोजी प्रदर्शित झालेला हा सिनेमा यश चोप्रांनी दिग्दर्शित केला, लिहिला सलीम-जावेद यांनी. विजय तिथवर कसा पोचतो हे त्यांनी एखाद्या खटल्यासारखं मांडलंय. बाप खाणकामगारांचा पुढारी. मालक त्याच्या बायकामुलांना ओलीस धरतो आणि बाप सही करतो. ज्यांच्यासाठी लढला तेच लोक त्याच्या मुलाच्या हातावर ‘बाप चोर’ असं गोंदवतात. आई मुंबईत येऊन बांधकामावर विटा वाहते. मोठा मुलगा बूटपॉलिश करतो आणि पुढे गोदीत हमाल होतो. तिथे आठवड्याच्या मजुरीतून गुंड हप्ता कापतात आणि नकार देणारा जिवाला मुकतो. संघटनेचा रस्ता बंद, मेहनतीचा रस्ता बंद. इथवर सगळं स्वच्छ कळतं. पुढे विजय दावरकडे जातो, सोन्याचा माल सुखरूप आणून देतो आणि बघता बघता श्रीमंत होतो. सोन्यात एवढा पैसा कुठून आला, हे मात्र सिनेमा सांगत नाही. १९७५ च्या प्रेक्षकाला ते सांगायची गरजच नव्हती. आपल्याला आहे.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी सोन्याच्या आयातीवर कडक बंधनं होती. जगात सोन्याचा अधिकृत भाव होता औंसाला, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला, ३५ डॉलर. १९६६ च्या अवमूल्यनापूर्वीच्या ४ रुपये ७६ पैशांच्या डॉलरने हिशेब केला तर १० ग्रॅमला ५४ रुपयांच्या आसपास. मुंबईच्या बाजारात तेच सोनं शंभराच्या वर विकलं जाई. एका किनाऱ्यावरून उचलून दुसऱ्यावर उतरवलं की किंमत जवळपास दुप्पट.

चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी आली. लोकांची सोन्याची हौस कमी होईल, असा हिशेब होता. हौस कमी झाली नाही. सोनारांची कामं मात्र गेली, काहींनी आत्महत्या केल्या. कॅरटची अट पुढे मागे घ्यावी लागली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि सामान्य माणसाला सोन्याच्या लगडी बाळगायला मनाई झाली.

दुबईत हेच सोनं राजरोस विकत मिळायचं. दहा तोळ्यांचं एक बिस्कीट, अशी शंभर बिस्किटं मावतील असे कप्पे शिवलेली जाकिटं आणि अरबी समुद्र ओलांडणारी गलबतं. दुबईच्या धक्क्यावर यात गुन्हा काहीच नव्हता. भारताचा किनारा जवळ आला की त्याच मालाचा गुन्हा व्हायचा.

‘दीवार’मध्ये या साखळीतली बहुतेक माणसं दिसतात: माल आणणारा, पळवणारा, त्यावर राज्य करणारा, पकडणारा. गिऱ्हाईक मात्र कुठे दिसत नाही. कसं दिसणार? ते थिएटरात बसलेलं होतं. लग्नात मुलीच्या अंगावर घालायला, अडीनडीला गहाण टाकायला, बँकेवर भरवसा नसताना साठवायला सोनं घेणारी लाखो घरं. सराफाच्या पेढीवरचं सोनं कुठल्या वाटेने आलं, हे कुणी विचारत नसे. हाजी मस्तानसारखा गोदीतला हमाल तस्करीत मोठा होतो आणि लोक त्याला शिव्या देण्याऐवजी त्याच्याविषयी कुतूहलाने बोलतात, याचं मूळ इथे आहे. विजयचं पात्र त्याच्यावरून सुचलं असं नेहमी म्हटलं जातं. १९७४ मध्ये सरकारने तस्करांची धरपकड सुरू केली, त्यात मस्तानही गेला. डिसेंबरात ‘कोफेपोसा’ हा स्थानबद्धतेचा कायदा आला. महिन्याभरात ‘दीवार’ लागला.

म्हणून त्यातला पावाचा प्रसंग महत्त्वाचा. इन्स्पेक्टर रवी पळणाऱ्या चोरावर गोळी झाडतो. तो निघतो उपाशी घरातला पोरगा, हातात पाव. रवी अपराधी मनाने त्याच्या घरी जातो, तेव्हा पोराचा बाप, एक निवृत्त शिक्षक, त्यालाच बळ देतो: चोरी लहान असो की मोठी, चोरीच. त्यानंतर रवी भावाविरुद्ध उभा राहतो. प्रसंग हेलावून टाकतो, पण त्यात एक चलाखी आहे. पाव चोरला की कुणाचा तरी पाव जातो. विजयच्या सोन्यात कुणाचं सोनं गेलं? तो गुन्हा कायद्याने ठरवलेला होता आणि कायदाच तो पुसूही शकत होता.

तसंच झालं. १९९० मध्ये कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२ मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. विजय जगला असता, तर त्याच मालाची पावती फाडून शेटजी झाला असता.

मग विजय निर्दोष? इथे सिनेमापेक्षा इतिहास कठोर आहे. चोरट्या सोन्यासाठी नुसती गलबतं लागत नाहीत. रात्री माल उतरवायच्या जागा लागतात, गप्प बसणारी गावं लागतात, पाकीट घेणारे कस्टमचे अधिकारी लागतात. तीस वर्षांत हे सगळं पक्कं झालं. १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर याच पद्धतीने माल उतरला, त्यात आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पुढे शिक्षा झालेल्यांत कस्टमचे अधिकारीही होते. कायदा गेला होता, त्याने घडवलेली वाट शिल्लक होती.

सोन्यातला नफा आटला, पण टोळ्या काही घरी बसल्या नाहीत. १९९८ च्या ‘सत्या’त भिकू म्हात्रेची माणसं बिल्डरांकडून खंडणी उकळतात. विजय लोकांना हवी ती वस्तू आणून देत होता. भिकूकडे विकायला भीतीच उरलीय. गोदीत विजयने ज्यांना लोळवलं, तो हप्ता गोळा करणाऱ्यांचाच धंदा शेवटी शहरभर चालला.

आईने विटा वाहिलेली इमारत विजय घासाघीस न करता विकत घेतो आणि आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातच. फक्त ते पैसे त्याच्याकडे आपल्याच आजी-आजोबांच्या पिढीने, सराफाच्या पेढीमार्गे, पोचवले होते.