बारा तारांची गिटार : जुनी घ्यावी की नवी?

मागच्या खेपेस आपण 'जुने' या शब्दाविषयी बोललो. ती चर्चा जरा हवेतच राहिली, हे आम्हाला मान्य आहे. आज एका तरुण श्रोत्याने पाठवलेल्या प्रश्नामुळे तिला जमिनीवर आणता येईल. त्याने पैसे साठवले आहेत, आणि त्या पैशांत एकच वाद्य येणार आहे. समोर दोन गिटारी आहेत, दोन्ही बारा तारांच्या, दोन्ही अ‍ॅकॉस्टिक-इलेक्ट्रिक, म्हणजे नुसत्याही वाजतात आणि वायर जोडून स्पीकरवरही. एक 1970च्या दशकातली, 'व्हिंटेज' म्हणवणारी. दुसरी अलीकडची. कुठली घ्यावी?

'व्हिंटेज' हा शब्द मुळात द्राक्षांच्या तोडणीचा, वाइनचा. वाइन मुरते, तसं लाकूडही मुरतं, ही कल्पना त्या शब्दाबरोबर गिटारीत आली. सहा तारांच्या गिटारीबाबत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पण बारा तारांची गोष्ट वेगळी, आणि ती का वेगळी हे कळायला इतिहासात जावं लागतं.

या वाद्यात तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी एक सप्तक वर लावलेली बारीक, आणि वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराच्या. दोन तारा कितीही काळजीने जुळवल्या तरी केसाएवढा फरक राहतोच, आणि त्या फरकातूनच तो झिलमिल नाद येतो. जोडीच्या तारांची ही युक्ती जुनी आहे. गोव्यात फादो गाणाऱ्यांबरोबर जी पोर्तुगीज गिटार वाजते तिलाही सहा जोड्यांत बारा तारा असतात, मात्र तिचं घराणं निराळं.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी ही गिटार स्वस्तातलं वाद्य म्हणून विकली गेली. न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीमधली ऑस्कर श्मिट कंपनी 'स्टेला' नावाने अशा गिटारी बनवी, आणि त्या घेत ते दक्षिणेतले कृष्णवर्णीय गायक. जॉर्जियातला ब्लाइंड विली मॅक्टेल त्यांतला एक. दुसरा हडी लेडबेटर, जग ज्याला लेड बेली म्हणून ओळखतं. 1933 साली जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन लुइझियानातल्या अंगोला तुरुंगात गाणी मुद्रित करायला गेले, तेव्हा तो त्यांना तिथे भेटला. लेड बेली आपली स्टेला नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच खाली लावी. त्याने आवाज घुमारदार होई, आणि वाद्यावरचा ताणही कमी राही.

हा ताण हीच सगळ्या प्रकरणाची गोम आहे. सहा तारांच्या गिटारीवर साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोंची ओढ असते. बारा तारा पूर्ण पट्टीत चढवल्या की ती एकशे दहा किलोंच्या आसपास जाते. म्हणजे बघा, एक धडधाकट माणूस आणि वर त्याचं सामान त्या पातळ तबलीला रात्रंदिवस लोंबकळतंय! स्टेलाच्या तारा खालच्या टोकाला टेलपीसमध्ये अडकवलेल्या असत, त्यामुळे घोडीवर, म्हणजे ब्रिजवर, उपटून काढणारी ओढ येत नसे. पुढच्या बहुतेक गिटारींत तारा थेट घोडीतच रोवल्या गेल्या.

लेड बेली 1949 साली वारला, आणि हे वाद्य विस्मृतीत जाऊ लागलं. पीट सीगरसारख्यांनी ते धरून ठेवलं, पण लाट आली 1963च्या सुरुवातीला. रूफटॉप सिंगर्स या त्रिकुटाचं 'वॉक राइट इन' पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि जो तो बारा तारा मागू लागला. गिब्सनने 1961 मध्येच बी-45-12 आणली होती. मार्टिनने 1964 मध्ये डी12-20 काढली. गिल्डने तर दांडी वाकू नये म्हणून आत एकाऐवजी दोन लोखंडी सळया घातल्या. आज ज्या आवाजाला आपण 'जुना, अस्सल' म्हणतो, तो त्या काळी दुकानातून नुकत्याच आणलेल्या कोऱ्या गिटारींचा आवाज होता! आमच्या तरुण मित्राने हे लक्षात ठेवावं.

आता विजेकडे वळू. दाब दिला की काही स्फटिकांत विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी 1880 साली दाखवलं. गिटारीत हे तत्त्व घोडीवरच्या पट्टीखाली नेऊन यशस्वी केलं ते ओव्हेशन कंपनीने. तिचा संस्थापक चार्ल्स कामन मूळचा हेलिकॉप्टर बनवणारा, कनेटिकटचा, आणि स्वतः हौशी गिटारवादक. 1966च्या सुमारास त्याने कृत्रिम द्रव्याच्या वाटोळ्या पाठीची गिटार काढली आणि 1970च्या दशकाच्या आरंभी तीत पिझो पिकअप बसवला. ग्लेन कॅम्पबेल ती टीव्हीवर वाजवू लागल्यावर तिचा बोलबाला झाला. 1970च्या दशकातली कारखान्यातूनच वायरीसह आलेली बारा तारांची गिटार म्हटलं, की बहुधा हीच समोर येते.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला राहवत नाही. अशा वाद्यात दोन घड्याळं असतात. लाकडाचं घड्याळ दशकांनी चालतं आणि त्यात काही हिताचंही घडतं. विजेच्या मंडळाचं घड्याळ झपाट्याने पळतं आणि त्यात हिताचं काहीच घडत नाही. बटणं खरखरतात, सुटे भाग बनायचे थांबतात, जुन्या पिकअपमधून बारीक तार किंचाळते आणि जाड तार दबते. ओव्हेशनचा न्यू हार्टफर्डचा कारखाना 2014 मध्ये बंद झाला. वर वाटोळी पाठ हवेतल्या दमटपणाला दाद देत नाही, पण लाकडी तबली फुगते-आटते, आणि मग तडा जातो. आपल्याकडे जुलैतला कोकण आणि मेमधलं पुणं यांत एकच गिटार फिरली, तर काय होईल ते सांगायला नको.

मग विजेचं जुनं मंडळ काढून नवं घालावं का? जुन्या वस्तूंचा बाजार म्हणतो, छे, किंमत उतरेल. आम्हाला हा हट्ट पटत नाही. मिरजेत सतारीची जवारी झिजली की कारागीर ती पुन्हा काढून देतो, आणि म्हणून सतार कमअस्सल झाली असं कुणी म्हणत नाही. वाजवायचं वाद्य दुरुस्त होतच राहतं. कपाटात ठेवायचं असेल तर प्रश्न वेगळा, पण मग तो वादकाचा प्रश्न नव्हे.

दांडीचंही तसंच. वर्षानुवर्षांच्या ओढीने दांडीचा कोन बदलतो, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि बोटं रडतात. मार्टिनसारख्या जुन्या घडणीत दांडी सरसाने सांधलेली, म्हणून ती वाफ देऊन सोडवावी लागते. हे काम महाग, आणि आपल्याकडे ते करणारे हात थोडे. 1974 मध्ये सुरू झालेल्या टेलर कंपनीने दांडी बोल्टने जोडली, आणि 1999 पासून तिचा कोन पातळ पट्ट्या बदलून दुरुस्त होतो. सहा तारांच्या गिटारीत ही सोय. बारा तारांच्या गिटारीत ती आम्ही गरज समजतो.

लाकडाविषयी थोडं. मार्टिनने 1969 मध्ये ब्राझिलियन रोझवुड सोडून भारतीय रोझवुड धरलं. हे भारतीय रोझवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसव! ब्राझिलियन लाकूड 1992 पासून साइट्स कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे तसली गिटार परदेशातून आणायची तर परवाना लागतो. भारतीय शिसवावर 2017 मध्ये निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना 2019 मध्ये त्यांतून सूट मिळाली. परदेशातल्या भावाबहिणींकडून गिटार मागवणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

तर आमचं मत सरळ आहे. गिटार एकच असणार आणि तिच्यावर कार्यक्रम करायचे असतील, तर अलीकडची घ्यावी. जुनीच मनात भरली असेल, तर दांडीवर एक डोळा मिटून नजर टाका. घोडीमागे तबलीला पोट आलंय का, आणि घोडीवरची हाडाची पट्टी खाली घासायला अजून उरली आहे का, ते बघा. पट्टी संपली असेल आणि तारा तरीही उंच असतील, तर दांडी सोडवण्याचा खर्च किमतीत धरा. मग स्पीकरला जोडून बाराही तारा एकेक करून छेडा. दुकानदार घाई करू लागला तर आणखी सावकाश छेडा.

घरी आणल्यावर, जुनी असो वा नवी, एक स्वर खाली लावून ठेवली तर बिघडत नाही. हवी ती पट्टी कॅपो लावून मिळते. आणि तिसऱ्या जोडीतली बारीक तार, जी सगळ्या बारांत उंच लागते, तिची दोन-चार पाकिटं जास्तीची आणून ठेवा. तुटते ती बहुधा तीच, आणि तीही कार्यक्रमाच्या दिवशी.