सोपारा : बाहेरून आलेल्यांचे गाव

आजचा धागा नालासोपाऱ्याविषयी. मुंबईत हे नाव उच्चारले की ऐकणारा प्रथम किंचित हसतो आणि मग गर्दी, टँकर, अनधिकृत इमारती असा विषय सुरू होतो. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे आणि याच उपनगरात राहते. त्यामुळे ‘नालासोपाऱ्याला कसला आलाय इतिहास?’ हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो.

आधी आमच्या मजल्याविषयी सांगते. चार दारे आहेत. एका घरातले लोक मालवणकडचे, दुसऱ्यातले आझमगढचे, तिसरे कुटुंब काठियावाडातून आलेले आणि चौथे आमचे. मालवणचे काका नव्वदच्या दशकात परळची खोली विकून येथे आले. त्यांच्या लेखी आझमगढचे कुटुंब ‘बाहेरचे’. पश्चिमेकडच्या वाडीतून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींच्या लेखी मात्र आम्ही चारही घरे ‘बिल्डिंगवाले’, म्हणजे सरसकट बाहेरचे. जो आधी आला तो नंतर आलेल्याकडे बोट दाखवतो. लोकलच्या डब्यातही हेच चालते. विरार गाडीत वसईला उतरणारा शिरला तर त्याला दारातून कसे हटकतात, हे या मार्गावर प्रवास केलेल्यांना ठाऊक आहे.

आता दोन हजार वर्षे मागे जाऊ.

‘नाळे’ आणि ‘सोपारा’ या दोन गावांच्या नावांवरून स्थानकाचे नाव पडले. त्यांतला सोपारा म्हणजे संस्कृत ग्रंथांतले शूर्पारक आणि प्राकृत लेखांतले सोपारक. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथात ते ‘सुप्पारा’ म्हणून येते आणि दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल् मसूदी त्याला ‘सुबारा’ म्हणतो. वसईची खाडी आणि वैतरणा यांच्यामधल्या खाड्यांतून गलबते येथवर येत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपारकाच्या सातिमित नावाच्या भाणकाचे, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणाऱ्या भिक्षूचे, दान कोरलेले आहे. त्याच चैत्यगृहात स्वतःला यवन म्हणवणाऱ्यांचीही दाने आहेत.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी येथे आले. गावकरी ज्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, ते टेकाड त्यांनी खणले. आत विटांचा स्तूप होता आणि त्याच्या गर्भात दगडी करंडक. त्यात तांबे, चांदी, स्फटिक, सोने असे एकात एक ठेवलेले करंडे, सोन्याची फुले, मातीच्या भांड्याचे काही तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे निघाले. हे तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले असावेत, असा तर्क भगवानलालांनी केला. सोन्याच्या डबीत जपून ठेवलेली खापरे! मला या उत्खननातली ही गोष्ट सर्वांत हृद्य वाटते.

त्याच वर्षी गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्याचा. चौदा लेखांची पूर्ण मालिका येथे कधी काळी उभी असावी, असे अभ्यासक त्यावरून मानतात. आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात; आपण मात्र धम्मयात्रा सुरू केल्या, ज्यांत ब्राह्मण, श्रमण आणि वृद्धांना दान द्यायचे आणि जनपदातल्या माणसांना भेटायचे. नवव्या लेखात तो मंगलकार्यांच्या अवडंबराला नावे ठेवतो आणि दास व नोकर यांच्याशी नीट वागणे हे खरे मंगल मानतो. बंदराच्या गावात हमाल, खलाशी, घरगडी आणि दास यांची संख्या थोडीथोडकी नसणार. लेख वाचता येणारे त्यांचे मालक होते, ही गोष्टही विसरू नये.

‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहातली पूर्णाची गोष्ट याच शूर्पारकात घडते. पूर्ण हा व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. वडील गेल्यावर भावांनी वाटणी केली. एकाने घर आणि शेत घेतले, दुसऱ्याने दुकान आणि परदेशातला माल. थोरल्याच्या वाट्याला काय आले? पूर्ण! दासीपुत्र म्हणून तोही मालमत्तेतच मोजला गेला. पुढे चंदनाच्या व्यापारात तो धनाढ्य होतो आणि अखेर भिक्षू बनतो. ही कथा आहे, तिला घटनेचा पुरावा मानता येत नाही. पण या बंदराची गोष्ट रचताना कथाकाराला नायक म्हणून दासीपुत्र सुचला, हेही नोंदवण्याजोगे आहे.

माझ्या मते सोपाऱ्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र सोपाऱ्यात नाही. तो नाशिकच्या लेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात हा स्वतः शक, म्हणजे आजच्या भाषेत पक्का ‘परप्रांतीय’. त्याच्या लेखात दानांची यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग (आपला सोपारा) या चार ठिकाणी त्याने चौसोपी निवासस्थाने, म्हणजे प्रवाशांना आसरा देणारे ‘प्रतिश्रय’, बांधले. तापी, दमणा, दाहानुका इत्यादी नद्यांवर फुकट तरीची सोय केली. या नद्यांच्या दोन्ही काठांवर लोकांना थांबण्यासाठी सभा आणि पाण्यासाठी प्रपा, म्हणजे पाणपोया, उभारल्या.

निवारा, प्रवास आणि पाणी. आमच्या सोसायटीच्या मासिक बैठकीत याखेरीज चौथा विषय क्वचितच निघतो.

उषवदात पुण्य आणि कीर्तीसाठी दान करत होता आणि त्याच्या दानांचा मोठा वाटा ब्राह्मणांकडे गेला, हे त्याच लेखात स्पष्ट दिसते. त्याला लोककल्याणकारी राज्याचा जनक ठरवण्याची काही गरज नाही. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. या गावात दुरून माणसे येणार हे त्याने गृहीत धरले होते आणि ती आल्यावर कोठे टेकतील, काय पितील, याची तजवीज करून ठेवली होती.

पुढच्या शतकांतही माणसे येत राहिली. अरब व्यापारी आले. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मगुरू मारले गेले, तेव्हा जॉर्डानस या डोमिनिकनाने त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये वसई घेतली, १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. परिसरातले सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची बोली आजही एकमेकांना जवळची आहे. धर्म बदलला, तरी बोली टिकली. सोपाऱ्याची खाडी मात्र गाळाने भरत गेली आणि बंदर संपले.

मग रेल्वे आली. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत दिवसाला एक गाडी सुटत असे. एक! १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज पोहोचली. पुढे मुंबईत घर परवडेनासे झालेली कुटुंबे याच रुळांवरून उत्तरेकडे सरकत राहिली. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती.

या लोकांसाठी प्रतिश्रय कोणी बांधला? बहुतांशी कोणीच नाही. ती जागा चाळमालकांनी, दलालांनी आणि परवानगीविना मजले चढवणाऱ्यांनी भरून काढली. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. कायद्याच्या दृष्टीने आदेश योग्यच होता, सांडपाण्याचा प्रकल्पही हवाच आहे. पण रस्त्यावर आलेल्या कुटुंबांतल्या अनेकांनी आयुष्याची पुंजी मोजून ती घरे घेतली होती. त्या दिवसांत आमच्या जिन्यात चर्चा होत होती ती ‘बाहेरच्यांनी शहर बिघडवले’ अशी. काकाही त्यात होते. परळहून ते आले, तेव्हा या इमारतीच्या जागी मिठागर होते, असे तेच सांगतात.

स्तूप पाहायचा असेल, तर नालासोपारा पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ सांगा. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. संध्याकाळी परतायचा बेत असेल, तर सहाच्या आत निघा. त्यानंतर चर्चगेटहून येणाऱ्या गाड्यांतून एवढी माणसे उतरतात की, जिन्यावर उलट दिशेने जाता येत नाही.