पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती जीवनातील नम्रतेचा प्रश्न

प्रस्तावना :
ख्रिस्ती नीतिविचारात अहंकार हे पापाचे मूळ, तर नम्रता हा सर्व सद्गुणांचा पाया मानला जातो. मात्र ही नम्रता ईश्वरापुढे की धर्माधिकाऱ्यांपुढे, हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) जीवनात तीव्रतेने उपस्थित झाला.

वाँटेज येथील वाद :
१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'सरस्वती' ही पदवी दिली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्याचा सिद्धांत त्यांनी विचार केल्याविना स्वीकारला नाही, शाकाहारही सोडला नाही. क्रॉसवरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता. १८८५ मध्ये चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुषांना शिकविण्यास भारतातील बिशपांनी हरकत घेतली. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना या स्वतंत्र वृत्तीत अहंकार दिसला. मठवासी स्त्रीच्या दृष्टीने आज्ञापालन हीच नम्रता होती. रमाबाईंची भूमिका अशी की, एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून मुक्त झाल्यावर दुसऱ्याच्या अधीन होणे शक्य नाही. विवेकबुद्धी ही ईश्वराची देणगी होय. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

केडगाव येथील कार्य :
या आरोपाची खरी परीक्षा रमाबाईंच्या पुढील आचरणात होते. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत त्यांनी निराधार मुली व स्त्रियांना केडगावच्या मुक्ती सदनात आश्रय दिला. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्यांनी मान्य केले की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. बिशपांपुढे न नमलेल्या विदुषीने आपल्या श्रद्धेतील उणीव स्वतःहून सांगितली, हे लक्षणीय आहे. उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतप्रचुर शैली सहज साध्य असतानाही, अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून त्यांनी साधी भाषा वापरली. मुक्ती सदनातील स्त्रियांनीच त्याची छपाई केली. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष :
रमाबाईंनी प्रश्न विचारण्याचा अधिकार सोडला नाही. विद्वत्तेचा डौल मात्र सोडला. अधिकाऱ्यांपुढे ताठ राहणे आणि दुर्बलांपुढे लीन होणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदल्या. म्हणून आज्ञाधारकता व नम्रता यांना समानार्थी मानून त्यांच्या ख्रिस्ती जीवनाचे मूल्यमापन करणे उचित ठरत नाही.